तीन राण्या असूनही चेक

‘चेक’ म्हणणारी मुलगी म्हणून मी घरात किती बदनाम आहे, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

परवा आमच्या गावी, वडीगोद्रीला काका, सागरदादा आणि मी भुईमुगाच्या शेंगा लावून पोकर खेळत होतो. यात काही न लावता पाळी पुढे ढकलायची असली की ‘चेक’ म्हणतात. मी सारखी तेच म्हणायचे.

“ही शाळेत हजेरीलाबी चेकच म्हणत असंल,” काका म्हणाले.

पैज अशी होती की काका हरले तर मला शाळेच्या सहलीला पाठवण्याचं ते बाबांशी बोलणार. माझी स्वतःची हिंमत होत नव्हती.

शेवटच्या डावात दादाने पत्ते टाकून दिले. माझ्याकडे तीन राण्या जमल्या होत्या. मी हळूच म्हणाले, “चेक.”

“भ्याली बघ!” म्हणत काकांनी सगळ्या शेंगा पुढे सारल्या. मग मीही माझ्या सारल्या आणि राण्या दाखवल्या.

“अगं, एवढे भारी पत्ते असून बोलली का न्हाई?”

“तुम्ही बोलणारच होतात, काका.”

काकांनी शब्द पाळला. जेवताना बाबांपुढे सहलीचा विषय काढला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “खरंच जायचंय का गं तुला?”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, “चेक.”