कुलूपवाल्याला मंदी नाही

— नाही नाही, शिकवणार नाही असं मी म्हटलंच नाही. मी म्हटलं, आधी बसा. उभ्याउभ्या बोलण्यासारखं ते नाही. स्टूल डुगडुगतो, भिंतीला टेकवून घ्या जरा. हां. मेहुण्याने पाठवलं म्हणालात ना? तरीच. बायकोचा भाऊ आहे, वाईट बोलू नये, पण त्याने आजवर कुणाला धड कामाला पाठवलंय? मोटारींच्या शोरूममध्ये होता, टाय बांधून. आता टाय खुंटीला आणि हा गादीवर — दिवसभर फोनमध्ये बघून वाचत असतो, मंदीत कुठली कामं चालतात नि कुठली बुडतात. दवाखाना चालतो, औषधं चालतात, किराणा चालतो, जुन्याची दुरुस्ती चालते, मेलेल्यांना पोचवणारे तर काय, त्यांना सुट्टीच नाही. कान किटले माझे. आणि एक दिवस म्हणतो कसा, ‘भाऊजी, तुमचं काम यात कुठे लिहिलेलं नाही, पण तुम्हाला तर हल्ली जेवायला घरी यायला फुरसत नाही!’ झालं. तेव्हापासून सांगत सुटलाय — कुलूपवाल्याला मंदी नाही, कुलूपवाल्याला मंदी नाही. तुम्हालाही हेच सांगितलं असणार.

खरं आहे. खोटं कशाला बोलू. येताना ही गल्ली बघितलीत ना? शिंपी गेला, फोटो स्टुडिओ गेला, छापखाना गेला, चपलांचं दुकान गेलं. शटर वर आहे ते माझं एकट्याचं. आणि त्या सगळ्यांच्या शटरला कुलपं कुणाची? — माझीच. शिंपी स्वतः येऊन घेऊन गेला. ‘मजबूत दे’ म्हणाला. आत काय होतं हो त्याच्या? इस्त्रीचं टेबल आणि एक मान मोडलेला पुतळा. पण मजबूत दे म्हणाला. दिलं. त्याच्यासमोर हसलो मी, आणि तो गेल्यावर किती वेळ नुसता कानस घासत बसलो, कशावर घासतोय तेही कळत नव्हतं.

पूर्वी काय असायचं माझं काम? किल्ली हरवली, पोर आतून कडी घालून बसलं, नवराबायको फिरायला गेले नि किल्ली टेबलावर राहिली. दार उघडलं की लोक हसायचे हो! चहा पाजायचे. एका बाईने तर मला मिठीच मारली होती, दूध गॅसवर होतं तिचं — घरी सांगितलं नाही मी अजून. आता दार उघडतं आणि कुणी हसत नाही. आता मला बँक बोलावते. हप्ते थकले, नोटीस लागली, मुदत संपली, घर जप्त — मग दार कोण उघडणार? मी. जुनं लॅच काढणार कोण? मी. नवं बसवून किल्ल्या साहेबांच्या हातात देणार कोण? मीच. रोज कुठे ना कुठे. कधी सकाळीही आणि दुपारीही.

तुम्ही लिफ्ट बसवायचात, नाही का? म्हणजे हात चांगला असणार. बिल्डिंगच उभी राहत नाही तर लिफ्ट कुठे टांगणार — बरोबर आहे. तुम्हाला हे काम आठवड्यात जमेल. ड्रिल चालवता येतं, पान्हे-पेचकस ओळखीचे, लॅच बदलणं म्हणजे काय मोठं! त्याची भीती नाही. भीती — भीती नाही म्हणायचं मला — चहा घ्या. थर्मासात आहे. अर्धाच भरतो, सांडतो माझ्याकडून. हाताला काही झालेलं नाही, असाच आहे काही दिवस.

घरी कोण कोण असतं तुमच्या? ... हं. म्हणजे आईही तुमच्याकडेच.

तुम्ही परत जा असंच म्हणणार होतो मी. सरळ म्हणणार होतो, माझ्याकडे माणसाची गरज नाही. पण तुम्ही बघताय, गरज आहे. म्हणून सांगतो. गेल्या आठवड्यातली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिन्यात ओल्या कपड्यांचा वास, दाराला नोटीस चिकटवलेली. साहेब होते — चष्मेवाले साहेब म्हणतो मी त्यांना, वाईट माणूस नाही, त्यांच्या ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झालीत, स्वतःच्या टेबलाकडे बघूनच घाबरलेला माणूस तो — आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारा एक. बेल वाजवली. दार ठोकलं. मोठ्याने नावगाव वाचलं. साहेब म्हणाले, ‘उघडा.’ उघडलं.

कसं सांगू. आवरलेलं घर होतं. रिकामं नव्हे, आवरलेलं. माणसं सोडून जातात ना, तेव्हा घर कसं दिसतं सांगू? — वायरी लोंबतात, कपाटं उघडी, जमिनीवर सेफ्टी पिना, एखादं खेळणं. इथे चादर ताणून घातलेली. टेबलावर कप. मी जाता जाता हात लावला, उगाच — कोमट होता. साहेबांना घाई. अजून एक दार उघडायचं होतं त्यांना. या खोलीत डोकावले, त्या खोलीत डोकावले, फोटो काढले, बाहेर. मी दाराशी गुडघ्यावर बसलेला, नवं लॅच बसवतोय. आणि तिथून आतली खोली सरळ दिसत होती. खिडकीचा पडदा जमिनीपर्यंत. आणि पडद्याखाली पाय.

मोजे घातलेले. त्यातला एक उलटा होता, शिवण बाहेर. एवढंच दिसलं मला, आणि एवढंच दिसतंय तेव्हापासून.

ओरडायला हवं होतं म्हणताय? की गप्प राहायला? बघा, तुम्हालाही लगेच सांगता येत नाही. मला तर स्क्रू फिरवता फिरवता ठरवायचं होतं. बोललो, तर साहेब पोलीस बोलावणार, त्या माणसाला हाताला धरून जिना उतरवणार, प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली होणार. बघितलंय मी ते. एका बाईने तोंडावर पदर — नाही, राहू दे. नाही बोललो, तर? ते लॅच आतून उघडतच नाही, बँकेला तसंच लागतं, वर बाहेरून कडीला आणखी एक कुलूप. म्हणजे माणूस आत आणि कुलूप बाहेर. आणि खरं सांगू? — हे सगळं मी आत्ता सांगतोय, तेव्हा असलं काही डोक्यात आलं नाही. तेव्हा नुसते हात चालू. हात थांबेनात हो. एवढं सफाईदार लॅच मी आयुष्यात बसवलं नसेल. साहेबांनी कागदाची पट्टी चिकटवली, शिक्का मारला, म्हणाले, ‘तुमचं काम बघायला बरं वाटतं.’

दुकानात आलो नाही, घरी गेलो. बायको परातीत पीठ मळत होती. काय झालं म्हणाली, तर मी बूट काढता काढता तिथेच बसलो, जमिनीवर. सांगितलं. तिने आरडाओरडा नाही केला. हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, ‘अहो, उठा.’ ‘अगं, सील आहे त्याच्यावर. तोडलं तर मला आत टाकतील.’ ‘तुम्हाला टाकतील तेव्हा टाकतील. तो तर आत्ताच आत आहे ना? उठा.’

गेलो. दोघंही. भर दुपारी. ती जिन्यात उभी राहिली, कुणी आलं तर खोकणार होती. एक मुलगी उतरली खालून — म्हणजे वरून — आणि हिला खोकलाच येईना! नंतर सांगत होती, घशाला कोरड पडली म्हणून. मी आपला तारेचा आकडा घालून कुलपाशी झटतोय, स्वतःच बसवलेलं कुलूप, आणि उघडत नाही. घामाने आकडा सटकतो. बारीक आवाजात म्हटलं, ‘आत कोण आहे? मी कुलूपवाला. बँक नाही. एकटाच आहे.’ पुन्हा म्हटलं तेच. आणि मग माझ्या मनात आलं — बोलू नये असं काहीतरी मनात आलं. खिडकी होती ना त्या पडद्यामागे. तिसरा मजला.

उघडलं एकदाचं. दार उघडलं ते कशाला तरी अडलं. आजोबा. दाराला पाठ लावून खाली बसलेले. कोट घातलेला, मांडीवर पिशवी, केस पाणी लावून विंचरलेले. निघायच्या तयारीत बसलेला माणूस. मला वाटलं रडतील, शिव्या देतील, हात जोडतील. काही नाही. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, ‘मघाशी तुम्ही मला पाहिलंत ना?’

हो म्हटलं.

‘मग बोलला का नाहीत? मी वाट बघत होतो. मला पडद्यामागून बाहेर यायचं होतं, पण पाय उचलेना. म्हटलं, हा बोलेल आता. हा बोलला की जाईन बाहेर.’

मला वाटत होतं, मी त्यांच्यावर उपकार करतोय गप्प राहून — थोडंसं वाटतच होतं तसं. आणि तो माणूस आत माझ्या एका शब्दासाठी थांबलेला. नुसतं ‘आजोबा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

लेक-जावई दुसऱ्या गावाला गेलेत काम शोधायला. एक खोली, तीही कुणाबरोबर अर्धी. सोय लागली की नेतो म्हणाले, तोवर कुणालाही दार उघडू नका. म्हणून नाही उघडलं. खिडकीतून हाक का नाही मारली म्हटलं, तर म्हणाले, ‘कुणाला मारू? सगळ्यांना कळेल मग.’ कळेल, म्हणजे काय हो? नोटीस दारावर लावलेली, सगळ्या बिल्डिंगने वाचलेली — तरी आपलं, कळेल!

आता? आता आमच्याकडे — नाही, आता ते लेकीकडे आहेत. म्हणजे जाणार आहेत. अं — हे बघा, तुम्ही हे कुणाकडे बोलणार नाही ना? मेहुण्यालाही नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला आम्ही आजोबा माझे लांबचे काका आहेत म्हणून सांगितलंय. लेकीशी फोन झाला. रडली खूप. येईल, जागा मिळाली की येईल, खोटी वाटत नाही. चांगले आहेत आजोबा, भाज्या निवडून देतात, बायकोशी गप्पा मारतात. फक्त बेल वाजली की उठतात आणि आतल्या खोलीत जाऊन पडद्यामागे उभे राहतात. बायको समजावते, दूधवाला आहे, मीटर बघणारा आहे. ऐकतात. पुढच्या बेलला पुन्हा. आणि काल — काल बेल वाजली आणि मी उठलो हो. माझं मला कळलं नाही. मी पण उठून दोन पावलं आत गेलो होतो.

ती पट्टी मी परत चिकटवली. डिंकाने. वाकडी लागलीय, शिक्का मध्ये तुटल्यासारखा दिसतो. एक ना एक दिवस साहेब तिथे गिऱ्हाईक घेऊन जाणार, बघणार, आणि त्यांना कळायला कितीसा वेळ लागेल — अख्ख्या गावात ते कुलूप न तोडता उघडणारा माणूस कोण? तेव्हापासून चार वेळा बोलावणं आलं. कधी ताप सांगितला, कधी सासुरवाडीला गेलो म्हटलं. एकदा गेलो, तर दारासमोर ड्रिल हातातून पडलं. असं किती दिवस चालणार? नाही गेलो, तर ते दुसरा शोधतील, मग माझ्या दाराला कुलूप लावायला येईल तो दुसरा. म्हणून म्हणतो, मला माणसाची गरज आहे. आणि म्हणूनच म्हणतो, जा तुम्ही. चहा संपवा आणि जा. मेहुण्याला विचारा, तो दवाखान्याबद्दल वाचत होता, तिथे लिफ्ट असतातच की, त्या बिघडतातच —

गाडी थांबली का बाहेर? पांढरी? ... चष्मेवाले साहेब, तेच आहेत. बसून राहा. उठू नका. — या, या साहेब! ... नाही, बरं नाही अजून. हा हात बघा ना, कप धरवत नाही. आज नाही जमणार, खरंच नाही. ... हे? हे गिऱ्हाईक आहेत. किल्ली करून घ्यायला आलेत. निघालेच आहेत — 

अहो. अहो, तुम्ही काय बोलताय हे? ‘मी येतो’ काय? साहेब, त्यांना येत नाही हे काम, त्यांनी लिफ्ट — ... हो, ड्रिल चालवता येतं, पण — ... साहेब, एक मिनिट. हो हो, तुम्ही गाडीत बसा, देतो पाठवून, हत्यारं तरी देतो त्यांना.

इकडे या. जवळ या, हळू बोला. एवढं सगळं ऐकलंत ना? तरी? ... हं. आईची औषधं. माहितीय. माहितीय, मी काय म्हणू तुम्हाला. ही पिशवी घ्या. छोटा पेचकस आतल्या खिशात आहे. लॅच आधी सरळ धरा, मग भोक पाडा, उलटं करू नका. आणि दार उघडलं की हात चालवायला लागायच्या आधी — आधी आत एक हाक — अहो, माझ्याकडे बघा ना, असे खाली काय बघता —

वाजवतायत हॉर्न. जा. जा तुम्ही.