चिवड्यासाठी शिट्टी

हा चिवडा घ्या आधी. यानंच स्वीडनमध्ये माझी लाज काढली होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं नेदरलँड्समधल्या आमच्या टिलबर्गहून तिथे कयाक चालवायला गेलो होतो. सुट्टीत आराम करायचा असतो, असं आमच्या घरात फक्त मलाच वाटतं. माझा नवरा आणि तेरा वर्षांची सई दोघांच्या कयाकमध्ये बसले आणि मी एकटीच्या. तळं एवढं मोठं, आणि हे दोघं डचमध्ये गप्पा मारत पार पुढे गेलेले. मी तीनदा हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला सई मागे न बघताच ओरडली, "स्ट्रक्स, आई!" म्हणजे नंतर. तिचं ते नंतर काही येत नाही, मला अनुभव आहे.

लाइफ जॅकेटला एक शिट्टी बांधलेली होती. मी ती जीव खाऊन वाजवली. दोघं गर्रकन वळले. मागे काठाजवळ थांबलेली आमची गाइड जोरजोरात वल्हं मारत आली.

"काय झालं गं? लागलं का?" नवरा घाबरून ओरडला.

मी डबा वर धरला. "चिवडा खाणार का?"

सई पोट धरून हसायला लागली. गाइड मात्र हसली नाही. मला इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "ही शिट्टी गमतीसाठी नाही. माणूस एकटं मागे पडलं, हाक कोणाला ऐकू जात नसली, तरच वाजवायची."

मी म्हटलं, "हो ना. म्हणूनच वाजवली."