न झिजलेली खुंटी

तसा मी मूळचा कुंभिवलीचा. आमची भाताची खाचरं होती तिथं, आता त्यातल्या अर्ध्यात कुणाचं तरी गोडाऊन हाय आन अर्ध्यात ढाबा, ते जाऊ द्या, तुमी खेळण्यांचं इचारायला आलाय. आमचा बाप शेतीची कामं सरली की सुतारकी करायचा, नांगर, जू, खाटेचे पाय, आन उरलेले तुकडे तो कधी चुलीत घालू द्यायचा नाय, त्याचे भोवरे करायचा, विट्या करायचा, पोरींच्या भातुकलीला पोळपाट-लाटणं करायचा, आन जत्रेत फडकं अंथरून विकायचा. मी त्याच्या शेजारी बसून भोवऱ्याला जाळी, म्हंजे दोरी, गुंडाळायला शिकलो, अक्षरं मागनं शिकलो.

पन बापाचं नाव झालं ते पांगुळगाड्यानं. तुमाला ठाऊक असंल, तीन चाकं, वर धरायला दांडी, पोर धरून उभं राहतं आन ढकलत ढकलत चालतं. तसे गाडे सगळेच करायचे. आमच्या बापानं त्यात एक युक्ती केलेली, मागच्या एका चाकाला लाकडाची एक बारीक खुंटी ठोकायचा आन वर बांबूची पट्टी, चाक फिरलं की खुंटी पट्टीवर आपटणार, टक टक टक. का, तर आय तिकडं चुलीजवळ असते, पोर ओसरीवर, तिला हात सोडून बघायला येता येत नाय, तर तिनं कानानं बघायचं. टक टक चालू हाय म्हंजे पोर चालतंय, आवाज थांबला म्हंजे पडलं नायतर काय तरी तोंडात घातलं, की तिनं धावायचं. साधी गोष्ट हाय, पन बायांना लय पटली.

आन गाडा कोणी घरात ठेवायचा नसतो आमच्याकडं. पोर चालाय लागलं की तो रांगत्या पोराच्या घरी द्यायचा. म्हणून एकेक गाडा दहा-दहा घरं फिरायचा, त्याची खुंटी झिजायची, आवाज बारीक व्हायचा, मंग ज्याच्याकडं असंल तो आमच्याकडं आणायचा, खुंटी बदला म्हणून. मी नुसती खुंटी बघून सांगायचो, हे पोर लय द्वाड हाय, हे घाबरट हाय, एका जागी उभं राहतं. बाया हसायच्या, म्हणायच्या अगदी बरोबर.

बाप गेल्यावर मी शिळफाट्याला हे दुकान टाकलं. माझं नाव दामू, शेठ कसला, पन बाजारात बसलं की माणूस शेठ होतो, तसा दामूशेठ झालो. प्लास्टिकची खेळणी आली, चावीची माकडं आली, बॅटरीच्या गाड्या आल्या, सगळं ठेवलं मी, पन गाडे माझ्या हातानं करायचो. आन बापाची एक रीत होती ती पन चालू ठेवली, गाडा घेतला की पोराला तिथंच ओट्यावर उभं करायचं, चाकाला कुंकू लावायचं, पोराची बोटं आपल्या हातानं दांडीवर ठेवायची आन तीन पावलं चालवायचं. त्यातनं बायांनी काढलं की दामूशेठच्या हाताला गुण हाय, त्यानं हात लावला की पोर महिन्यात चालतं. आता तुमीच सांगा, चालायच्या वयाचं पोर महिन्यात चालणारच, त्यात माझं काय. मला ठाऊक होतं ते. पन खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कर्जतहून, पार पळसदरीहून बाया यायच्या, घरात प्लास्टिकचा वॉकर असला तरी यायच्या, चारचौघं बघत उभे राहायचे, आन मी म्हणायचो, जा गं बाय, महिन्यात पळंल. छाती फुगायची माझी.

तर सुरेखा आली ती अशीच एका बाजाराच्या दिवशी. पळसदरीकडची, तिची पयली पोरगी, निकिता, चौदा-पंधरा महिन्यांची. गोरीपान, हसरी, पन बसवली तर कलंडायची. मी तिची बोटं दांडीवर ठेवली. मूठ अशी आवळलेली की सोडवता येईना. आन मागनं धरून उभी केली तर टाचा टेकेनात, चवड्यावर, आन पाय एकमेकांत कात्रीसारखे. काय सांगू तुमाला, मी तोवर शेकडो पोरांची पावलं बघितलेली होती, घाबरट पोराचे पाय लटपटतात, आळशी पोर पाय वर उचलून घेतं, हे तसलं काय नव्हतं. मला त्या क्षणी कळलं होतं. मागनं कळलं, कुणी सांगितलं, असं नाय, तिथंच, ओट्यावर, हातात तिची बोटं होती तवाच कळलं.

आन मी काय म्हणालो, तर जा गं बाय, महिन्यात पळंल.

का म्हणालो ते मी लय येळा स्वतःला इचारलंय. चारचौघं बघत होते, हे एक. सुरेखाचं तोंड असं उजळलेलं होतं की ते मालवायला जीभ वळली नाय, हे दुसरं. पन खरं पयलंच. माझी बायको कुसुम गल्ल्यावर बसली होती, सुरेखा गेल्यावर म्हणाली, अवो, त्या पोरीचं काय तरी येगळं हाय, तुमी बोलला का नाय? मी तिच्यावर डाफरलो, म्हणलं मी डॉक्टर हाय का? नंतर आयुष्यात तिनं हा इषय काढला नाय, आन तेच मला जास्त लागतं.

सहा महिन्यांनी सुरेखा गाडा घेऊन आली, म्हणाली काका, उंच होतोय वाटतं, दांडी खाली घ्या. मी घेतली. पुन्हा आली, म्हणाली गाडा निसटतो, मी मागं वजनाला दगड बांधून दिला. दर येळेला मी खुंटी बघायचो. खुंटी जशीच्या तशी. रंगसुद्धा उडालेला नाय. आन दर येळेला मी गाड्याचंच काय तरी करत राहिलो, जसं काय खोट गाड्यात होती.

पोरगी अडीच वर्षांची झाली तवा ती गाडा न घेता आली. म्हणाली, अंगणवाडीच्या ताई म्हणतात हिला मोठ्या दवाखान्यात दाखव, पन सासूबाई म्हणतात दामूशेठनं हात लावलाय, उगा सुया टोचून घेऊ नका, तर काका तुमी काय म्हणता? बघा, देवानं मला दुसऱ्यांदा संधी दिली होती, चालत दुकानात पाठवली होती. आन मी म्हणालो, दाखव की, दाखवायला काय जातंय, पन घाई नको, काही पोरं उशिरा उठतात. ते घाई नको ऐकून ती हसत घरी गेली.

मुंबईला दाखवली ती चौथं लागल्यावर. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, जन्माच्या येळीच डोक्याला इजा झालेली हाय, बरं होणारं दुखणं नाय, पन लहानपणीच व्यायाम सुरू केले असते तर पाय एवढे आखडले नसते, आधार घेऊन थोडंफार चालली असती कदाचित. कदाचित. हा शब्द सुरेखानं मला ओट्याच्या खाली उभं राहून सांगितला, रडत नव्हती, रागावली पन नव्हती. काखेत गाडा होता. म्हणाली, काका, आमच्याकडं नुसताच पडून राहिलाय, दुसऱ्या कुणाच्या पोराला द्या. रीत पाळली तिनं. मी तो घेतला आन त्या वरच्या हुकाला टांगला, आन कुणाला दिला नाय.

त्या दिवसापासून मी पोरांना हात लावायचा बंद केला. बाया म्हणायच्या, असं काय करता दामूशेठ, दोन बोटं तर ठेवा. मी म्हणायचो सांधे दुखतात. उलट मला दुसरीच खोड लागली, दुकानात कुणाचं पोर आलं की मी त्याचे पाय बघतो, आन जरा शंका आली की सांगतो, दाखवून घ्या. एक बाई एवढी चिडली, म्हणाली खेळणी विका, पोरं तपासू नका. तिचं पोर धडधाकट निघालं, आता शाळेत धावण्यात नंबर काढतं. मला शिव्या घातल्या तिनं, पन बरं वाटलं.

आता गाडे कोण घेतंय. शनिवार-रविवारी फार्महाऊसवाले येतात, पन्नाशीचे बाप्ये, भोवरा दिसला की डोळ्यांत पाणी आणतात, आमच्या लहानपणी असं होतं आन तसं होतं, आन जाळी गुंडाळायला सांगितली तर एकाला येत नाय, मलाच गुंडाळून द्यावी लागते. पोरं मोबाईलमधनं मान वर करत नायत. भोवरा शोकेसमधे जातो. एकदा पळसदरीच्या बंगल्यावाल्या बाईला तो वरचा गाडा पाहिजे होता, कुंड्या ठेवायला. म्हणाली काका, एवढा जुना आन एवढा नवा कसा? मी म्हणलं तो विकायचा नाय. ती म्हणाली आठवण असंल तुमची. म्हणलं हो, आठवणच हाय.

निकिता आता अठ्ठावीस वर्षांची हाय. कर्जतला वकिलाकडं टायपिंग करते, डाव्या हाताच्या तीन बोटांनी, पन काय स्पीड. स्कूटर हाय तिची, मागं दोन चाकं जादा लावलेली, रस्त्यानं जाताना दुकानासमोर थांबते, ओ काका म्हणून हाक मारते, गाडीवरनंच बोलते. माझ्या ओट्याला तीन पायऱ्या हायत, त्या तिला चढता येत नायत. लय वाचते पोरगी, पिशवीत पुस्तक असतंच. मला तिनं कधी वाईट तोंड दाखवलं नाय, आन मला ते सोसत नाय.

गेल्या महिन्यात थांबली, म्हणाली काका, आमच्या बंड्याला पोरगा झालाय ना, अकरा महिन्यांचा हाय, भिंत धरून उभा राहतो. बंड्या म्हंजे तिचा धाकटा भाऊ. मी सवयीनं इचारलं, डॉक्टरला दाखवलाय का? ती हसली, म्हणाली सगळं दाखवलंय, घोडा हाय तो. मंग दुकानात मान वाकवून बघत म्हणाली, तो वरचा माझा ना काका? तांबड्या दांडीचा. मला तो पाहिजे, त्याच्यासाठी.

मी म्हणलं, तुला कसा आठवतो गं? तर म्हणते, आठवतो म्हंजे काय, आय मला मागनं काखेत धरायची आन मी दांडी पकडायची, ओसरीवर, रोज संध्याकाळी. समोर रस्ता दिसायचा. काका, मी माझ्या आयुष्यात उभी राहिले ती तेवढीच.

हे ती हसत म्हणाली. मी ओट्यावरनं खाली उतरलो, तिच्या स्कूटरच्या आरशाला धरून उभा राहिलो. म्हणलं आता सांगायचं. बाय, मला पयल्या दिवशी कळलं होतं, मी बोललो नाय. एवढंच तर सांगायचं होतं. तोंड उघडलं, आन तोंडातनं काय निघालं, तर चाकाला तेल घालून ठेवतो.

रविवारी निकिता आन बंड्या पोराला घेऊन आले. निकिता म्हणाली बोटं तुमीच ठेवायची, तुमच्या हाताला गुण हाय. ओट्याच्या खाली, तिच्या गाडीपुढंच, रस्त्याच्या कडेला उभा केला त्याला. चाकाला कुंकू लावलं, बोटं ठेवली. त्यानं बघितलं माझ्याकडं आन सुटला. टक टक टक. सव्वीस-सत्तावीस वर्षं ती खुंटी गप होती. निकिता स्कूटरवर बसल्या बसल्या टाळ्या पिटत होती, जा रं जा रं म्हणत होती, आन मी आत जाऊन भोवऱ्यांच्या खोक्यात काय तरी शोधत बसलो. कुसुम आली, पाठीवर हात ठेवला.

आता निकिता रोज फोनवर त्याचा व्हिडिओ पाठवते. मी चित्र बघत नाय, नुसता आवाज ऐकतो. पोर दांडगं हाय, दोन-तीन महिन्यांत खुंटी झिजवंल. देव त्याला असाच चालता ठेवो.

तुमी हे लिवणार हाय ना, मंग निकिताचं नाव बदलू नका, पळसदरीचं नाव पन ठेवा, म्हंजे तिला कळंल. मला तोंडानं जमलं नाय, आता जमणार पन नाय, सत्तरी उलटली. छापून आलं की मीच तिला देईन, नायतर तुमी द्या. खुंटी झिजली की बदलायला माझ्याकडंच आणीन, असं म्हणालीय ती. तोवर तिचं वाचून झालेलं असंल. मी शिवणीच्या लाकडाची एक नवी खुंटी तासून त्या डबीत ठेवलीय. गाडा आला तर बसवून देईन, नाय आला तर मी समजून घेईन.