तीन लंबरच्या बाईवर भंडारा

आपल्या सोलापुरात एक हाय मायाप्पा, माझा ल्योक, अन् एक हाय राधा, त्याची लेक. राधा रग्बी खेळायची. मायाप्पा म्हणाला, "आता बंद. पोरीला असली रेटारेटी शोभत न्हाय."

तेवढ्यात विलायतेत नोकरीला असलेल्या थोरल्या नातवानं बायकांच्या रग्बी वर्ल्डकपाला आमा तिघांना बोलावलं. मैदानात आठ बायका मुंडी खाली घालून समोरच्या आठजणींना भिडल्या. जन्मभर मेंढ्यांच्या टकरी बघितलेला मायाप्पा पुढं सरकला.

"आये, ती तीन लंबरची बघ! मागला पाय कसा रोवलाय! हीच रेटणार."

अन् रेटलंच की तिनं! मायाप्पानं खिशातला बिरोबाचा भंडारा मूठभर उधळला. पुढ्यातली गोरी म्हातारी पिवळीधमक झाली. शिपाई धावत आला.

राधानं इंग्रजीत सांगितलं, "हळद हाय. जिंकणाऱ्याचा मान करतो आमी."

तर म्हातारीनंच कपाळ पुढं केलं, "मग नीट लावा की!"

तिला लावून मायाप्पानं लेकीला विचारलं, "तू कितव्या लंबरला खेळतीस?"

"मी बी तिसऱ्याच, बा."

उरलेला भंडारा त्यानं राधेच्या कपाळाला लावला. "खेळ मग."

औंदा राधेला देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलंय.