हाताला लागणारा टाका

आमचं गाव रत्नागिरीच्या एका खाडीवर, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही. माझा बाप जाळी दुरुस्त करायचा, लोकांची, त्याची स्वतःची होडी कधी झाली नाही, आणि घरात मुलगा नव्हता म्हणून मला पुढ्यात बसवायचा. जाळ्याचं टोक मी पायाच्या अंगठ्यात धरून ठेवायचे, तो गाठी मारायचा, मग मला मारायला लावायचा. त्याचं एकच म्हणणं, गाठ डोळ्यांनी बघू नकोस, बोट फिरव, गाठ हाताला लागली पाहिजे, नाही लागली तर मासा गेला समज. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच झाला.

तर ती पोर वीस वर्षांची झाली आणि तिचं लग्न दुबईवाल्याशी ठरलं. ती पोर म्हणजे मीच, पण तिला मी म्हणायची मला लाज वाटते, इतकी शहाणी होती. गावभर सांगत फिरली की नवऱ्याचं ऑफिस आहे आणि ऑफिससमोर समुद्र आहे. समुद्र होता, खोटं नाही. दुबईतल्या देराच्या धक्क्यावर लाकडी जहाजांत माल चढायचा, तिथे पोत्यांवर बसून नवरा गोण्यांचा हिशेब ठेवायचा, तेच ऑफिस. विमानातून उतरली ती लग्नाची जरीची साडी नेसून, ऐन जूनमध्ये, आणि पिशवीत सुके बांगडे, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे नुसती वाळू, मासे मिळत नाहीत. खोली एकच, मधे चादर लावलेली, चादरीपलीकडे दुसरं एक जोडपं. संध्याकाळी तिने बांगडे भाजले आणि अख्ख्या बिल्डिंगला कळलं की नवी नवरी आली. नवरा म्हणाला, उद्यापासून खिडकी उघडून भाज. खोलीला खिडकीच नव्हती. तो असाच बोलायचा. ती रुसली, चादरीच्या अलीकडे रुसायला जागा तरी किती, पण रुसली.

मग तिने शिलाई सुरू केली, अबाया म्हणजे तिकडच्या बायकांचे काळे झगे, पडदे, पोरांचे युनिफॉर्म. एक अरब बाई यायची, तिने एकदा अबाया उलटी करून शिवणीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, टाका बोटाला जाणवता कामा नये. आमची शहाणी तिच्याशी हिंदीत भांडली, हमारे यहाँ टाका हाथ को लगता है, म्हणून कपडा टिकतो. बाई गेली ती परत आली नाही. घरी येऊन शहाणी सांगते, गिऱ्हाइकाला अक्कल नाही. नवरा म्हणाला, इन्शाल्ला पुढच्याला असेल.

असो. मुलगा झाला, इक्बाल, तो शिकला, त्याला दुबईत नोकरी लागली आणि भाडं परवडत नाही म्हणून आम्ही सगळे शारजाला आलो. आता तो रोज सकाळ-संध्याकाळ त्या ट्रॅफिकमध्ये असतो, आयुष्य त्याचं गाडीतच चाललंय. त्याचा मुलगा रेहान. माझं बोललेलं त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. मी विचारते जेवलास का, तो म्हणतो, ऑलरेडी, दादी.

रेहान आधी क्रिकेट खेळायचा, फास्ट बॉलिंग. पण त्याचा हात कोपरात वाकायचा, अंपायर सारखा नोबॉल द्यायचा, पोरं फेकी फेकी करून चिडवायची. शेवटी एका कोचने सांगितलं, बेटा, तू बॉल टाकत नाहीस, फेकतोस. काढून टाकलं टीममधून. पोर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या वेळी शारजाच्या एका मैदानावर रामोन म्हणून एक फिलिपिनो माणूस पोरांना बेसबॉल शिकवायचा, एका सुपरमार्केटात स्टोअरला नोकरी, सुट्टीच्या दिवशी हे. त्याने रेहानचा हात बघितला आणि म्हणाला, आमच्यात फेकायचंच असतं. काय सांगू तुम्हाला, ज्या गोष्टीसाठी तिकडे हाकललं, त्याच गोष्टीसाठी इकडे मिठी मारली.

तुम्हाला बेसबॉल माहीत नसेल तर सांगते, मलाही नव्हता. स्टंप नाहीत, बॉलचा टप्पा पडत नाही, बॅट म्हणजे आपलं मुसळ. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून फेकतो आणि समोरच्याला मुसळ लागू द्यायचं नाही, तीनदा हुकला की तो आऊट, एवढंच त्याचं काम.

मग माझा नवरा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. सगळे रडले, मला रडू आलं नाही. मी इद्दतीला, म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस, घरात बसले, येणाऱ्या बायका सांगायच्या, भाभी, मोकळ्या व्हा, रडा. मी हं म्हणायचे. मला काही वाटतच नव्हतं. मसाला भाजत होते तो जळला, तेही वास आल्यावर नाही, धूर दिसल्यावर कळलं. शुगरमुळे बोटांची टोकंही बधीर झाली होती त्याच्या आधीपासून, सुई टोचली तर रक्त दिसल्यावर समजायचं, म्हणून शिलाई कधीच सुटली होती. नुसती बसून राहायचे. रेहानला माझ्याशी काय बोलावं कळायचं नाही, त्याची भाषाच वेगळी. एक दिवस आला आणि शिवण उसवलेला बॉल माझ्या मांडीवर ठेवला. कॅन यू फिक्स इट, दादी?

बेसबॉलवर लाल दोऱ्याची शिवण असते, दोन्ही बाजूंनी टाके. इकडच्या रेताड मैदानात ते लवकर उसवतात आणि नवे बॉल सहज मिळायचे नाहीत. मी पहिला शिवला तो साध्या दोऱ्याने, बोट फिरवलं तर काही लागेना. म्हटलं, हे काय काम झालं? इक्बालला देराला पाठवून जहाजांची ताडपत्री शिवायचा जाड मेणाचा दोरा आणवला. त्याने शिवलं, ओढून ओढून, टाका असा वर आणला की माझ्या या मेलेल्या बोटांनाही लागला. मग रामोन पिशवी भरभरून बॉल पाठवायला लागला. मला लोला म्हणायचा, त्यांच्यात आजीला लोला म्हणतात. इद्दत संपली तरी मी शिवतच राहिले.

आणि रेहानचा कर्व्ह. कर्व्ह म्हणजे बॉल सरळ येता येता एकदम खाली जातो, जिना उतरल्यासारखा. रामोन म्हणायचा, लोला, असा कर्व्ह मी माझ्या गावीही नाही बघितला. मी मैदानावर खुर्ची टाकून बसायचे, पोरं मुसळं हवेत फिरवायची, बॉल त्यांच्या खालून निघून जायचा.

तेवढ्यात दुबईत बेसबॉलची लीग आली. मोठ्या टीमच्या खाली एक लहान टीम असते, तिथे पोरांना शिकवत ठेवतात, जमलं तर वर घेतात, नाही जमलं तर खलास. रेहान बापाला म्हणाला, एक वर्ष द्या. इक्बाल म्हणाला, एकच, ठेवलं तर खेळ, नाही तर पुण्याला इंजिनियरिंग. ठरलं.

ट्रायलला आम्ही सगळे गेलो. अमेरिकन कोच, हातात वेग मोजायचं यंत्र, बॉल सगळे नवे, पांढरे. रेहानने सरळ बॉल फेकले, कोचने मान हलवली. मग म्हणाला, कर्व्ह. रेहानने फेकला आणि बॉल उतरलाच नाही, समोरच्याने मारला तो कुंपणाबाहेर. परत फेकला, परत मारला. रेहान हातातल्या पुढच्या बॉलकडे बघत राहिला आणि रामोनकडे वळून म्हणाला, धिस इज नॉट माय बॉल.

रामोनने पिशवीतून माझा एक जुना बॉल काढला, एका हातात तो, दुसऱ्या हातात नवा, अंगठा फिरवत राहिला. नव्याची शिवण सपाट. माझी वर आलेली, ती पकडून पोराला बॉल वळवायची सवय लागली होती. सगळी पोरं तेच बॉल फेकायची, पण कर्व्ह एकट्या रेहानचा, आणि रामोनचा हातही माझ्याच टाक्यांना सरावलेला, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रामोनने माझ्याकडे बघितलं नाही. इक्बालने बघितलं आणि मान फिरवली. ती अरब बाई आठवली मला. चाळीस वर्षं उशिरा पटलं.

परतताना ट्रॅफिक, गाडी हलेना. रेहान पुढच्या सीटवर. म्हणाला, इट्स फाइन, दादी. तेवढंच. मी बाहेरच्या गाड्यांचे लाल दिवे बघत होते. तुम्ही विचारता काय वाटलं. काही नाही वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्यांनी घेतला त्याला, वेगासाठी, त्या लहान टीममध्ये, आणि सांगितलं, सीझन संपेपर्यंत कर्व्ह परत शीक. काय काय बघितलं मी त्या सीझनमध्ये. आधी कर्व्ह नुसता तरंगायचा, लोक मारायचे. मग जमिनीवर आपटायला लागला. बोटं बदलली, मनगट बदललं. घरी टीव्ही बघतानाही नवा बॉल हातात, बॉल उजव्या हातातून सुटेना म्हणून डाव्या हाताने जेवायला लागला तेव्हा मी ओरडले. मॅच असली की मी जाऊन बसायचे, बाजूच्या बायका विचारायच्या, तुमचा कोण? मी म्हणायचे, ज्याला मारतायत तो.

शेवटच्या मॅचला कोचने त्याला शेवटी शेवटी आणला. समोर एक आडदांड माणूस. रेहानने दोन सरळ फेकले, दोन्ही त्याने हुकवले, मग तिसरा. बॉल सरळ आला, आला, आणि जिना उतरला. मुसळ हवेत. माझ्या बाजूची बाई उभी राहिली, मी बसूनच होते.

दुसऱ्या आठवड्यात निरोप आला. वर घेत नाहीत, काढतही नाहीत, अजून एक वर्ष खालीच राहा. रेहान बापाकडे बघत उभा. इक्बाल ऑफिसातून त्या ट्रॅफिकमधून आलेला, बूटही काढले नव्हते. म्हणाला, ठेवलंय ना? यल्ला, चल, मग खेळ. आणि बूट काढायला बसला.

रेहान माझ्या खोलीत आला, शेवटच्या मॅचमधला तो बॉल माझ्या मांडीवर ठेवला, पहिला ठेवला होता तसाच. शिवायला नको होता, नवाच होता. मी बोट फिरवलं. काही लागलं नाही. तो विचारतो, यू फील इट? मी हो म्हटलं.

तो गेल्यावर मी बॉल गालाला लावला. गालाला अजून कळतं. टाका इतका बारीक, इतका सपाट, एका रेषेत. ती शहाणी असती तर म्हणाली असती, कुणी शिवलाय हा, अक्कल नाही. मी तशीच बसले गालाला लावून, किती वेळ ते माहीत नाही. नवरा गेल्यावर जे यायला हवं होतं ते त्या दिवशी आलं, उगाच, बॉल ओला झाला.

आता रामोन लहान पोरांचे बॉल पाठवतो. बारीक दोरा घेते, टाका दाबून बसवते आणि शेवटी गाल लावून बघते. सुनेला वाटतं म्हातारीला लागलंय काहीतरी. हा घ्या, परवाच शिवलाय, बोट फिरवा. लागतो? नाही ना? मग बरा शिवला. अल्ला तुमचे हात शाबूत ठेवो. चहा घ्या, निवतोय.