अंबूबाईची साक्ष

धुळा : आवाज तुटतुया. काय म्हणलीस? बोललीस का न्हाई तितं?

अंबूबाई : बोलले की वो! आत्ता भायेर आलो आमी. सृष्टीनं फोन सगळ्यांस्नी ऐकू येतुया तसा लावलाय, जरा जपून बोला. मेंढरं कुटं हायती?

धुळा : कुंडलच्या शिवारात. ऊस तुटलाय, पाला झ्याक हाय. तू मुंबईचं सांग. किती आमदार हुते?

अंबूबाई : पंधरा-वीस असत्याल. ह्या पक्षाचे बी आन् त्या पक्षाचे बी. कागदांचे ह्येवढाले गठ्ठे घिऊन बसल्याले.

सृष्टी : आबा, फिरत्या मेंढपाळांच्या संरक्षणाचं विधेयक आहे ना, ते सभागृहात मांडलंय. आता ही समिती त्यातलं एकेक कलम तपासतेय. आईनं कलम सातवर साक्ष दिली. ओळखपत्राच्या कलमावर.

धुळा : त्येच तर मला पटलं न्हाई, पोरी. कार्ड घरच्या कर्त्याला मिळणार म्हणून लिवलंय. मग झालं की! तू कायद्याचं शिकतीस सांगलीत म्हणून आईला घिऊन गेलीस, आन् काय सांगितलंसा? नवऱ्याच्या नावाचं कार्ड नगं? माझ्या नावावर भरवसा न्हाई व्हय गं, अंबे?

अंबूबाई : तुमच्या नावाचं काय वंगाळ न्हाई. पर मागल्या साली तुमी मिरजंच्या दवाखान्यात हुतासा. तवा मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या वाटंवरल्या गावानं. मी गेले सोडवाया. कागद मालकाच्या नावावर, मालकाला आणा म्हणले. म्हणलं, पोट फाडलंय त्येचं, खाटंवरनं कसा आणू? तर म्हणले, मग बरं झाल्यावर आणा.

धुळा : ठावं हाय ते मला.

अंबूबाई : समदं न्हाई ठावं. चार दिस मेंढ्या आत, कोकरं तळावर. रातंदिस वरडायची. शेरडीचं दूध बोटानं पाजलं, पर कितीकांस्नी पुरणार? एकवीस गेली.

धुळा : आठ म्हणली हुतीस.

अंबूबाई : टाकं वल्लं हुतं तुमचं. काय सांगू तवा?



धुळा : एकवीस! आन् ह्ये आमदारांस्नी सांगितलंस?

अंबूबाई : सांगितलं. मग एक सायेब म्हणला, कर्त्याला कार्ड दिलं की घरच्या बायकांना संरक्षण आपोआप मिळतं. लय गोड बोलत हुता. मी म्हणलं, सायेब, सकाळी हितल्या दारावर माझं कार्ड मागितलं. मी मालकाचं चालंल का इचारलं. शिपाई म्हणला, बाई, आत कोण जाणार, तुमी का मालक? ज्यो जाणार त्येचंच कार्ड. मग मेंढरामागं मी जाती, तर तितं मालकाचं कसं चालतंय?

धुळा : असं म्हणलीस? सायबाला?

सृष्टी : म्हणाली! एक आमदारबाई हसायलाच लागल्या. त्यांनी दोनदा विचारून ते वाक्य लिहून घेतलं. आणि त्या साहेबांच्या गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं, आबा, त्यांचा हात आपोआप तिकडं गेला.

धुळा : मग काय ठरलं?

अंबूबाई : अध्यक्ष म्हणले, इचार करू.

धुळा : इचार करू म्हणले म्हंजी गेलं ते.

अंबूबाई : जाऊ दे गेलं तर. पर मी हात जोडून न्हाई बोलले. बसून बोलले, खुर्चीवर.

(चार महिन्यांनी, भर दुपारी. लोणंदजवळ कांदा काढलेल्या रानात मेंढरांचा तळ. सृष्टीच्या मोबाइलवर विधानसभेचं कामकाज चालू आहे.)

धुळा : समितीनं बदल केला, छापून आलं, मग आता परत कशाला वाद?

सृष्टी : समिती फक्त शिफारस करते, आबा. मंजूर सभागृह करतं. समितीनं ‘कुटुंबप्रमुख’ काढून ‘मेंढ्या राखणारी कुटुंबातील प्रत्येक सज्ञान व्यक्ती’ असं घातलंय. आता एक आमदार म्हणतोय, जुनाच शब्द ठेवा. तशी सुधारणा दिलीय त्यानं.

अंबूबाई : का म्हणं?

सृष्टी : एका घरात दोन-दोन कार्डं झाली तर भांडणं लागतील म्हणे.

धुळा : कुणाची भांडणं? ह्येला कुणी इचारलं?

सृष्टी : थांबा, आबा. त्या बाई उठल्या. समितीतल्या.

अंबूबाई : आवाज वाढीव गं.

सृष्टी : गेलं. गोल फिरतंय नुसतं.

धुळा : आण हिकडं. त्या बांधावर रेंज असती.

सृष्टी : आबा, हळू, पडाल! ... आलं. आलं! आई, ये लवकर. तुझं वाक्य सांगतायत त्या. ‘आटपाडी तालुक्यातून आलेल्या अंबूबाईंनी समितीला विचारलं, जो आत जाणार त्याचंच कार्ड, तर मेंढरामागं मी जाते...’

धुळा : सभागृहात? समद्यांफुडं?

सृष्टी : बाकं वाजवतायत, ऐका! दोन्हीकडची.

अंबूबाई : माझ्या बोलण्यावर वाजिवत्यात व्हय गं?

धुळा : खाली बस. बस हितं, माझ्यापाशी.

सृष्टी : मंत्री बोलतायत. समितीचा मसुदा सरकारला मान्य आहे म्हणतायत. सुधारणा मागं घ्या म्हणून विनंती करतायत त्या आमदाराला.

धुळा : घेतली?

सृष्टी : नाही. आता मत. आधी त्याची सुधारणा. होय म्हणणारे... दोघं-तिघं. नाही म्हणणारे...

अंबूबाई : आगं बया, केवढा गलका!

सृष्टी : फेटाळली! आता कलम सात, समितीनं सुधारल्याप्रमाणं. होय... होय... ‘होयचे बहुमत.’ आई, कलम मंजूर!

धुळा : बिरदेवाऽऽ! ए बिरदेवा! आरं मेंढरं सोड, पळ हिकडं! आमच्या अंबूनं कायदा बदलला रं!

सृष्टी : आबा, अजून बाकीची कलमं आहेत, मग विधान परिषद, मग राज्यपालांची सही.

धुळा : हुईल की ते बी! जिनं ह्येवढं केलं, तिला सहीचं काय! आन् तू रडतीयास का गं?

अंबूबाई : रडत न्हाई. ती एकवीस आठवली. एकेकाचं तोंड आठवतंय.

धुळा : ...मला बी सांगायचं हुतंस, अंबे. टाकं वल्लं असलं म्हणून काय झालं.

अंबूबाई : आता सांगितलं न्हवं.

सृष्टी : आई, तुला माहितेय का, आजचं सगळं कामकाज छापून ठेवतात. पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तरी तुझं नाव त्यात सापडेल.

धुळा : पोरी, त्या बाईनं नाव कसं घेतलं? अंबूबाई धुळा हाके, असं?

सृष्टी : नाही, आबा. नुसतं अंबूबाई.

अंबूबाई : चुकलं असंल तिचं. कळवाया पायजे का?

धुळा : नगं. ऱ्हाऊ दे तसंच. कानाला ग्वाड लागतंय.