कंपनीचा फगवा

हेच घर, साहेब, दुसरं कुठं शोधू नका — मिनाचं घर हेच, मी तिची दादी, रूपाबाई. बसा बाजेवर. बॅग मांडीवर काहून धरून बसले, ठेवा खाली, तांड्यात कोणी हात लावत न्हाई. मिना शाळेच्या मैदानावर हाय, पोरांची तालीम घेऊन राहिली. तिनं वारंगा फाट्यावरून फोन केला तुमाला, व्हय ना? मला नका सांगू, मला समदं माहीत असतं. तिला वाटतं म्हातारीला फोनमधलं काय कळतंय. यंदा युवक कला महोत्सव करायचाच, बियाणे कंपनीनं मंडप द्यावा, स्पीकर द्यावा, लाईट द्यावी, आमी कंपनीचं नाव वर लावू — असंच म्हणली असंल. आन् तुमी आले बी, उन्हातान्हात, गाडी फाट्यावर ठेवून पायी. पाणी प्या. न्हाई, कागद मागून काढा, आधी पाणी. मग ऐका.

पहिल्यांदाच आलो म्हणता? तुमी पहिल्यांदा आले असाल. कंपनी येऊन गेली. तवा मिना हिंगोलीला कॉलेजात जायची, सकाळच्या एसटीनं, उभ्यानं. तिथं तिनं कुठल्या तरी मोठ्या गावच्या पोरांचा नाचगाण्याचा कार्यक्रम पाहिला आन् घरी आली ती डोक्यात तेच घेऊन — आपल्या इथं काहून न्हाई? तांड्याच्या पोरी होळीची लेंगी गातील, नाचतील. पलीकडच्या वाडीची धनगराची पोरं ढोलावर गजी नाचतील. आन् तिचा भाऊ योगेश, त्यानं एक नाटक लिहिलं व्हतं, त्यात सोताच सावकार आन् सोताच जावई, दोघं एकमेकाला भेटायची येळ आली की पडदा पाडायचा. पोरं जमली, पण मंडप कुठून आणायचा? म्हणून निघाली मिना स्पॉन्सर शोधायला — हा शब्द मी तवा शिकले — भावाला संगं घेऊन, हिंगोलीच्या बाजारात दुकान दुकान. ट्रॅक्टरवाला म्हणला दिवाळीनंतर या; दिवाळीनंतर गेली तर म्हणला पेरणी होऊ द्या. थंड्याच्या एजन्सीवाला बाटल्या द्यायला तयार झाला, पण रिकाम्या बराबर मोजून परत पायजेत म्हणला. एका पतसंस्थेच्या चेअरमननं चहा पाजला, सोताच्या जवानीतल्या नाटकाची गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगितली, आन् शेवटी शुभेच्छा दिल्या. शुभेच्छेचा मंडप ताणता येतो का, तुमीच सांगा.

दुसरी पोरगी असती तर रडली असती. मिनाला मागायची लाज न्हाई — ती आमची रीतच हाय. होळीला तांड्याच्या बाया वाट अडवतात, पाटील असो, पोलीस असो, जीपवाला असो, त्याच्याभवती फेर धरतात, गातात आन् फगवा मागतात. जो देईल त्याचं नाव गाण्यात घालायचं, त्याची गुरंढोरं वाढो, लेकरंबाळं वाढो. जो देणार न्हाई त्याचं बी नाव गाण्यात घालायचं — पण ते गाणं वेगळं. मिना हसून म्हणायची, दादी, स्पॉन्सर म्हणजे फगवाच की गं, फक्त होळी नसते. हुशार पोरगी. तिनं त्यातलं निम्मंच ध्यानात ठेवलं, देणाराचं. न देणाराचं निम्मं माझ्याकडं राह्यलं.

मग तिला तुमच्या कंपनीचा डीलर भेटला, बजरंगशेठ. त्यानं साहेबाशी गाठ घालून दिली — तुमच्यासारखाच, अशीच बॅग, असंच खालच्या आवाजात बोलणं. साहेब म्हणला, समदा खर्च कंपनीचा, मंडप, स्पीकर, जेवण बी. फक्त आधी आमच्या शेतकरी मेळाव्यात पोरींना नाचायला आणा. मिनाला काय वाटलं असंल? एसटीतून उतरून ती पळत आली व्हती घरापर्यंत. माझ्या आईची आरशांची ओढणी मी पेटीतून काढून दिली — ती मी माझ्या सुनेलाबी दिली नव्हती. मेळाव्याला पोरींना सकाळपासून दारात उभं केलं, पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडायला. दुपारी नाचायला लावलं, तेबी हातात बियाण्याच्या पिशव्या देऊन. मिना म्हणली, साहेब, लेंगीत हात मोकळे लागतात. साहेब म्हणला, पिशवीचं नाव समोरून दिसू द्या, एवढंच बघा. नाचल्या बिचाऱ्या. फोटो काढले. आन् मिना घरी येऊन मला म्हणली, झालं दादी, मंडप आला समज.

महोत्सवाच्या दिवशी काय आलं, माहीत हाय? बॅनर आला. जीपमधून, दोन माणसांनी उतरवावा एवढा, तुमच्या कंपनीचा. शाळेला बांधला, दुपारपर्यंत तेवढाच. मंडपवाला बांबू रोवून, कापड पसरून बसला व्हता, बजरंगशेठच्या होकाराची वाट बघत. तीन गावची लेकरं तोंडाला रंग लावून बसली व्हती, धनगराच्या पोरांनी ढोल उन्हात तापवून ठेवला व्हता. मग जीप आली. साहेब म्हणला, वरून मंजुरी आली न्हाई. मंडपवाल्यानं काय करावं, पोटावर हात असलेला माणूस — त्यानं लोकांसमोर कापड गुंडाळलं. तरी मिना पुढं झाली. म्हणली, साहेब, निदान स्पीकर तरी द्या, नाटक ऐकू येणार न्हाई. तवा तो साहेब काय म्हणला, ते मी माझ्या कानानं ऐकलं. हसून म्हणला —

"तुमी तांड्याचे लोक. तुमाला मंडप काहून पायजे? झाडाखाली नाचा की, पहिल्यापासून तिथंच नाचता."

बजरंगशेठ बी हसला. मिना गेली हापशावर आन् तोंडाचा रंग धुतला, आन् मग लहान लेकरांना एकेकाला जवळ घेऊन त्यांचे बी धुतले. मी बघून राहिले व्हते. तिच्या डोळ्याला पाणी न्हाई. माझ्या अंगाचा मातर अंगार झाला, साहेब, आन् तो अजून इझला न्हाई, तुमी हे पाणी प्यायला म्हणून इझणार न्हाई.

थांबा, अजून हाय. पुढच्या हंगामाला प्रत्येक बियाण्याच्या दुकानावर पोस्टर — माझी मिना, माझ्या आईच्या ओढणीत, हातात तुमची पिशवी घेऊन हसून राहिली. कोणी इचारलं? आमी तिच्यासाठी एक स्थळ पाहून राहिलो व्हतो, नेमसिंग नायकाच्या घरचं, त्यांनी पोस्टर पाहिलं आन् म्हणले जाहिरातीत नाचणारी सून नको. मिना काय म्हणली सांगू? बरं झालं दादी, त्या पोराला गाण्याचं वेड न्हाई तर माझं काय जमणार. आन् हसली. ती अशीच हाय. तिला राग धरताच येत न्हाई, पाण्यावर रेघ ओढावी तसा. घरात कोणाला तरी धरावा लागतो ना?

म्हणून होळीची वाट पाहिली. होळीला बजरंगशेठची जीप आली, बियाण्याची बुकिंग घ्यायला — निर्लज्ज माणूस. समद्या बाया आडव्या झालो. मी फगवा मागितला, रीतीनं, हात पुढं करून. त्यानं काच वर केली. काच वर केली, साहेब! मग मी गाणं उचललं. आमच्या बोलीत हाय, तुमाला मराठीत सांगते —

बी पेरलं बजरंगशेठचं, उगवला बॅनर गं,
बॅनरखाली उपाशी बसलं माझं लेकरू गं.

अजून लई कडवी हायत, ती तुमच्यासमोर म्हणायची न्हाईत. बायांनी ते गाणं खुरपताना म्हणलं, लग्नात म्हणलं, माहेराला नेलं. कळमनुरीच्या बाजारात तो उतरला की पोरं मागून म्हणायची. दोन हंगामात त्याचं दुकान बसलं, गेला नांदेडला सासऱ्याच्या आसऱ्याला. तुमच्या साहेबाची बदली झाली म्हणे लांब कुठं. झाडाखाली बसला असंल. हे कानावर आलं त्या दिवशी मला लई गाढ झोप लागली.

बियाणं? बियाण्याला काय झालं व्हतं, बियाणं चांगलंच व्हतं. माझ्या लेकानं, रतनसिंगनं, पेरलं तर कापूस कंबरेला लागला. खोटं काहून बोलू — पण गाण्यात खरं बी उगवून चालत न्हाई, गाणं पडतं. शेजारच्या वाडीनं बी ते घेणं सोडलं, दुसरं घेतलं आन् ते बुडालं, तर बुडू दे. मिना मला म्हणली, दादी, आता बास कर. मी म्हणलं, करीन. न्हाई केलं. ती पुन्यांदा हिंगोलीला गेली स्पॉन्सर मागायला तर दुकानवाले आतून म्हणायचे, त्या तांड्याच्या नादाला लागू नका, बाया नावानं गाणं करतात. कोणी दारात उभं करीना. हे मला योगेशनं सांगितलं, तिनं न्हाई सांगितलं. तवापासून एकदा बी महोत्सव झाला न्हाई. योगेशच्या नाटकातली लेकरं मोठी झाली, कोणी ऊसतोडीला गेली. मिना आता नवी लेकरं शिकवून राहिली, रोज, मैदानावर, मंडप न्हाई काही न्हाई —

तर न्हाई. असं बघू नका माझ्याकडं. ते माझ्यामुळं न्हाई झालं. ते तुमच्यामुळं झालं.

माफी? कुणाची मागता, माझी? मला कोणी काय बोललं? मिनाची मागणार — व्हय, लेखी बी द्याल, पोस्टर बी उतरवलं म्हणता, यंदा मंजुरी बी आधीच आणली, बॅगेत हाय. असंल. तुमचा चेहरा काही वाईट न्हाई. पण तेच तर हाय साहेब. तिच्यासमोर तुमी माफी मागितली की ती लगेच देऊन टाकील. तुमाला बाजेवर बसवील, चहा पाजील, योगेशला मंडपवाल्याकडं धाडील आन् शाळेला पुन्हा तुमचा बॅनर बांधील, सोताच्या हातानं. म्हणून तर मी तुमाला तिथं जाऊ दिलं न्हाई, हितं बसवलं.

उठा आता. बॅग घ्या. घरामागून नाल्याच्या कडंनं वाट हाय, सरळ फाट्याला लागते, कोणी भेटत न्हाई. मिनाला मी सांगीन, कंपनीचं कोणी आलंच न्हाई. म्हणलं नव्हतं का, हे लोक असेच. ती उद्या पुन्हा मैदानावर तालमीला जाईल. आमची लेकरं झाडाखाली नाचतील, पण तुमच्या कापडाखाली न्हाई. उठा की. काहून बसून राहिले —

आली वाटतं.

कोणी न्हाई गं मिना, बीवाला हाय. फाट्याची वाट इचारत व्हता, निघालाच हाय. तू आत जा, हातपाय धू. — सांगा ना तिला, वाट इचारत व्हतो म्हणून. बॅग काहून उघडता? इतका येळ समदं ऐकून घेतलं, साहेब, आताच काहून तोंड उघडून राहिले?